अल्ट्रामॅक्स की पोर्ट्रा? रंगीत निगेटिव्ह फिल्म निवडताना

कपाटातून वडिलांचा जुना कॅमेरा निघतो. नवे सेल टाकल्यावर प्रकाश मोजणाऱ्या मीटरचा काटा हलतो आणि पहिला प्रश्न उभा राहतो: रोल कोणता टाकायचा? दुकानदार दोन डब्या समोर ठेवतो. दोन्ही कोडॅकच्या, दोन्ही ४०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे फिल्मचा वेग; आकडा जितका मोठा तितकी ती कमी उजेडात चालते), दोन्ही ३६ फोटोंच्या. एक अल्ट्रामॅक्स ४००, दुसरी पोर्ट्रा ४००. दुसरीची किंमत पहिलीच्या दीड-दोनपट. "प्रोफेशनल घ्या, क्वालिटी येते," दुकानदार म्हणतो. आपण खिसा चाचपतो, महाग ती चांगली असं मनाशी ठरवतो आणि पोर्ट्रा घेऊन बाहेर पडतो. पहिल्या रोलवर निम्मे फोटो काळपट येतात. मग वाटतं, एवढ्या महागड्या फिल्मचं हे काय झालं?

फिल्मचं काही झालेलं नसतं, प्रकाश कमी पडलेला असतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. नवख्या माणसाच्या पहिल्या चार-पाच रोलांत साधी फिल्म आणि प्रोफेशनल फिल्म यांतल्या फरकापेक्षा एका स्टॉपची चूक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) कितीतरी जास्त दिसते. पण मी म्हणतो म्हणून मानू नका. दोन रोल घ्या आणि एकदा स्वतः ताडून बघा. ते कसं करायचं, ते पुढे सांगितलंय.

आधी डबीवरचा शब्द समजून घेऊ

दोन्ही फिल्मांची मूळ रचना एकच. पारदर्शक पट्टीवर एकावर एक थर असतात. सगळ्यात वर निळा प्रकाश टिपणारा, त्याखाली हिरवा, सगळ्यात खाली तांबडा. धुलाईत या थरांत अनुक्रमे पिवळा, मॅजेंटा आणि सायन रंग तयार होतो. प्रत्येक थर पुन्हा दोन-तीन पोटथरांचा असतो. त्यातला एक वेगवान, मोठ्या दाण्याचा (दाणा म्हणजे प्रकाश टिपणारे कण, प्रिंटमध्ये खरखर दिसते ती त्यांच्यामुळे), अंधाऱ्या जागा पकडणारा. दुसरा मंद, बारीक दाण्याचा, उजेडाच्या जागा सांभाळणारा. निगेटिव्हला जास्त प्रकाश मिळाला तरी चालतो तो या रचनेमुळे. निगेटिव्ह नारिंगी दिसते त्याला कारण थरांतली रंगीत रसायनं. मॅजेंटा आणि सायन रंग अगदी शुद्ध नसतात, त्यांच्यातली खोट प्रिंट काढताना भरून निघावी म्हणून हा नारिंगी मुखवटा मुद्दाम घातलेला असतो.

दोन्हींची धुलाईही एकच, सी-४१. १९७२ साली आलेली ही पद्धत आजही तीच आहे: डेव्हलपर ३७.८ अंश सेल्सिअसला, ३ मिनिटं १५ सेकंद. स्वस्त रोल आणि महाग रोल एकाच टाकीत, एकाच रसायनात धुतले जातात. "प्रोफेशनल फिल्मची धुलाई वेगळी असते," असं सांगून कुणी जादा पैसे मागत असेल तर सरळ दुसरी लॅब शोधा.

मग फरक कुठे? तो कळायला आंबा उपयोगी पडतो. फिल्म बनली की ती हळूहळू पिकत जाते, म्हणजे तिचे रंग आणि वेग दोन्ही काळानुसार थोडे सरकतात. ग्राहकांसाठीची फिल्म आढीत घातलेल्या कच्च्या हापूससारखी असते. ती महिनोन्‌महिने दुकानाच्या फळीवर, मग कुणाच्या तरी बॅगेत आणि मग कॅमेऱ्यात अर्धवट पडून राहणार, हे धरूनच ती बनवलेली असते. प्रोफेशनल फिल्म नेमकी पिकल्यावर बाजारात यायची आणि तिथून पुढे थंडीत ठेवायची. फोटोग्राफरने ती फ्रीजमधून काढायची, वापरायची, लगेच धुवायला टाकायची. रोलच्या काळात हा फरक फार कडक पाळला जायचा. आज अंतर कमी झालंय, पण दोन्हींमागचा विचार अजून तोच आहे. एक फिल्म दुर्लक्ष सहन करते, दुसरी शिस्त मागते आणि त्या बदल्यात प्रत्येक वेळी सारखं वागते.

हे सारखं वागणं म्हणजे काय, ते लग्नाचे फोटो काढणाऱ्या जुन्या मंडळींना विचारा. डबीवर इमल्शन नंबर, म्हणजे फिल्म कुठल्या खेपेत बनली त्याचा क्रमांक, छापलेला असतो. एका लग्नाला २० रोल लागणार असतील तर ते सगळे एकाच नंबरचे घ्यायचे, म्हणजे हळदीच्या फोटोंतला पिवळा आणि रिसेप्शनच्या फोटोंतला पिवळा अल्बममध्ये शेजारी बसले तरी खटकत नाहीत. वर्षाला सहा रोल काढणाऱ्याला या गुणाचा फारसा उपयोग नाही, आणि जादा पैशांतले बरेचसे पैसे याच गुणाचे असतात.

बाकीचा फरक स्वभावाचा. ग्राहकांची फिल्म भर उन्हातल्या सहलीसाठी, छोट्या प्रिंटसाठी. म्हणून कॉन्ट्रास्ट (उजेड-सावलीतला फरक) थोडा चढा, रंग भडक, कोडॅकमध्ये जराशी पिवळसर ऊब. पोर्ट्राचं नावच पोर्ट्रेटवरून आलंय. १९९८ साली आलेल्या या मालिकेचा भर त्वचेवर होता. आधी तिच्यात मवाळ रंगांची आणि गडद रंगांची अशी दोन रूपं मिळायची. २०१० साली ४०० मधली ती दोन रूपं एकत्र करून आजची पोर्ट्रा ४०० आली. कॉन्ट्रास्ट कमी, सावल्या मऊ, दाणा बारीक.

दाण्याबद्दल एक आकडा सांगण्यासारखा आहे. कोडॅक आपल्या माहितीपत्रकात प्रिंटमधल्या दाणेदारपणाचा एक निर्देशांक देते. २५ म्हणजे दाणा जेमतेम जाणवू लागतो, आणि साधारण ४ अंकांचा फरक पडला की बहुतेकांच्या नजरेला तो कळतो. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हवरून ४ बाय ६ इंची प्रिंट काढली तर कोडॅकच्याच साध्या गोल्ड २०० चा निर्देशांक ४४, अल्ट्रामॅक्स ४०० चा ४६ आणि पोर्ट्रा ४०० चा ३७. वेग दुप्पट असूनही पोर्ट्राचा दाणा गोल्डपेक्षा बारीक, इथे जादा पैसे खरोखर दिसतात. मात्र हा फरक प्रिंटमधला आहे. मोबाइलच्या पडद्यावर तो शोधूनही सापडत नाही.

पायरी पहिली: रोल घेणं आणि सांभाळणं

चाचणीसाठी अल्ट्रामॅक्स ४०० आणि पोर्ट्रा ४०० असा एकेक रोल घ्या. गोल्ड २०० आणि पोर्ट्रा ४०० अशी जोडी लावू नका. वेग वेगळा असला की प्रत्येक फोटोला हिशेब बदलतो आणि शेवटी तुलना फिल्मची होते की तुमच्या गणिताची, हेच कळत नाही. डबीवरची मुदत बघा. दुकानाच्या दर्शनी काचेत, उन्हात मांडलेला रोल कितीही ताजा असला तरी घेऊ नका. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात फोटोच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे खप असल्यामुळे माल फार पडून राहत नाही. ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याला मुदत आणि साठवण दोन्ही विचारा.

घरी आणल्यावर दोन्ही रोल प्लास्टिकच्या डबीसकट हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा, भाजीच्या कप्प्यापासून लांब. फ्रीजमधून काढल्यावर लगेच डबी उघडायची नाही. आपल्याकडच्या दमट हवेत थंड फिल्मवर क्षणात दव धरतं. किमान तासभर, पावसाळ्यात दोन तास, बंद डबी तशीच बाहेर राहू द्या.

उष्णतेची गंमत मी एकदा पाहिली आहे. ऐन मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत एक रोल चार दिवस राहिला. फोटो आले, पण सगळ्या सावल्यांवर किरमिजी झाक आणि काळ्या जागी राखाडी धुकं. तो रोल प्रोफेशनल होता. साधा असता तर कदाचित जरा कमी बिघडला असता, पण चार दिवस डिकीत ठेवल्यावर कुठल्याच फिल्मकडून फार अपेक्षा करू नये.

पायरी दुसरी: चाचणीचे फोटो काढणं

लेन्स एकच हवी. कॅमेराही शक्यतो एकच, कारण जुन्या कॅमेऱ्यांची शटर एकमेकांशी जुळत नाहीत. एकाच कॅमेऱ्यात दोन रोल फिरवायचे तर सोपा मार्ग म्हणजे लागोपाठच्या दोन दिवशी, त्याच वेळेला, त्याच जागी फोटो काढणं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आकाश स्वच्छ असतं, तेव्हा हे छान जमतं. दुसरा मार्ग हाताने रोल गुंडाळायच्या कॅमेऱ्यांसाठी. पहिला रोल १५ फोटोंपर्यंत काढा, आकडा लिहून ठेवा, हळूहळू गुंडाळा आणि जीभ (फिल्मचं पुढचं टोक) सुटल्याचा खट्‌ आवाज आला की थांबा, म्हणजे जीभ बाहेर राहते. नंतर तोच रोल पुन्हा टाकताना लेन्सला झाकण लावून, सगळ्यात वेगवान शटरवर १७ वेळा कोरे फोटो घ्या आणि पुढे चालू करा. दोन जास्त घ्यायचे ते फोटोवर फोटो चढू नये म्हणून. ज्या कॅमेऱ्यात मोटर रोल गुंडाळते तिथे या भानगडीत पडू नका, मोटर जीभ आत ओढून घेते.

आता दृश्यं. तीन पुरतात.

पहिलं, उघड्या सावलीतला चेहरा. घराचा ओटा, सोसायटीचा जिना, व्हरांडा, कुठेही चालेल, फक्त थेट ऊन नको आणि समोर आकाश उघडं हवं. घरातल्या कुणाला तरी बसवा आणि हातात एक ग्रे कार्ड (मीटर धरण्यासाठीचा ठरावीक करड्या रंगाचा पुठ्ठा) द्या. ग्रे कार्ड नसेल तर छापाची बाजू मागे केलेला करडा पुठ्ठाही चालेल, फक्त दोन्ही रोलांना तोच वापरा. कॅमेरा ट्रायपॉडवर. मीटर कार्डावर धरा. समजा एफ/५.६ ला १/१२५ आलं, म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप (अ‍ॅपर्चर) एफ/५.६ आणि शटर उघडं राहायचं १/१२५ सेकंद. अ‍ॅपर्चर हलवायचं नाही, फक्त शटर बदलत सहा फोटो घ्यायचे: १/५०० (दोन स्टॉप कमी), १/२५० (एक कमी), १/१२५ (बरोबर), १/६० (एक जास्त), १/३० (दोन जास्त), १/१५ (तीन जास्त). शेवटच्या फोटोला समोरच्याला श्वास रोखायला सांगा.

दुसरं, कडक ऊन. पांढरा शर्ट, झेंडूची माळ, हिरवीगार कुंडी, मागे गडद सावलीचं दार, असं सगळं एका चौकटीत येईल अशी जागा बघा. भर उन्हात मीटरशिवायही चालतं: एफ/१६ आणि आयएसओएवढं शटर हा जुना नियम. ४०० च्या फिल्मला एफ/१६ ला १/५०० बरोबर. त्याच्या एक स्टॉप खाली १/१०००, वर १/२५०, १/१२५ आणि १/६०. पाच फोटो झाले.

तिसरं, घरातला संध्याकाळचा दिवा. दोन्ही फिल्म दिवसाच्या उजेडासाठी तोललेल्या आहेत, साधारण ५५०० केल्विनला. पिवळ्या दिव्यात निळा प्रकाश फार कमी असतो, त्यामुळे निळा थर उपाशी राहतो आणि सावल्यांत मळकट रंग चढतो. इथे मीटरने सांगितलेला एक, एक स्टॉप जास्त आणि दोन स्टॉप जास्त, असे तीनच फोटो घ्या.

झाले १४ फोटो. उरलेल्या २२ फोटोंत जे आवडतं ते काढा: देऊळ, रस्ता, घरची मांजर. आकड्यांच्या चाचणीत कळत नाही ते तिथे कळतं. प्रत्येक फोटोचा क्रमांक, अ‍ॅपर्चर आणि शटर वहीत लिहा. कंटाळा येतो, पण महिन्याभराने निगेटिव्ह हातात आल्यावर कुठला फोटो कुठला, हे आठवणीवर सोडलं की सगळी मेहनत पाण्यात.

पायरी तिसरी: लॅबवाल्याशी बोलणं

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. निगेटिव्हला स्वतःचा असा ठरलेला रंग नसतो. ती उलटी करून, नारिंगी झाक काढून, रंग कोणीतरी ठरवावा लागतो. तो एकतर स्कॅनर ठरवतो किंवा स्कॅनरवर बसलेला माणूस. नोरित्सू आणि फुजीचा फ्रंटियर हे लॅबमध्ये नेहमी दिसणारे दोन स्कॅनर एकाच निगेटिव्हला वेगळे रंग देतात. इंटरनेटवर पोर्ट्राचा म्हणून जो मऊ, पीच रंगाचा देखावा मिरवतो, त्यातला मोठा वाटा स्कॅन करणाऱ्याचा असतो. उलटही घडतं. लॅब सवयीने प्रत्येक फोटोला कॉन्ट्रास्ट आणि सॅच्युरेशन चढवते, आणि पोर्ट्राचे जादा पैसे भरून तुम्हाला गोल्डसारखाच फोटो मिळतो.

म्हणून दोन्ही रोल एकाच लॅबला, एकाच दिवशी, एकत्र द्या आणि हे कागदावर लिहून द्या: धुलाई नेहमीची, पुश-पुल (धुलाईची वेळ वाढवणं-घटवणं) नको, दोन्ही रोलांना स्कॅनची एकच सेटिंग, ऑटो करेक्शन बंद, उजळ-गडद करू नये, कारण फोटो मुद्दाम कमी-जास्त प्रकाशात काढलेत, निगेटिव्ह परत हवी. शेवटचं वाक्य ठळक लिहा. बऱ्याच लोकांना आता फक्त स्कॅन हवे असतात, त्यामुळे न मागितलेली निगेटिव्ह काही ठिकाणी कचऱ्यात जाते. माझ्या एका रोलचं असंच झालं. चूक माझीच, मी विचारलं नव्हतं.

पायरी चौथी: आधी निगेटिव्ह वाचा, मग स्कॅन

निगेटिव्ह हातात आली की कॉम्प्युटर उघडण्याआधी ती खिडकीशी किंवा मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर धरून बघा. पडद्याचे ठिपके दिसू नयेत म्हणून मध्ये बोटभर अंतर ठेवा.

आधी कडेची अक्षरं आणि क्रमांक बघायचे. ते कारखान्यातच उमटवलेले असतात, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही. ती अक्षरं ठळक आणि फोटो फिके असतील तर प्रकाश तुम्ही कमी दिलात. अक्षरंच फिकी असतील तर धुलाईत गडबड आहे. लॅबशी वाद घालायच्या आधी एवढं जरूर तपासावं.

मग फोटोतली सावली शोधा. निगेटिव्हमध्ये ती सगळ्यात पारदर्शक जागा. तिथे काही रेषा, काही पोत दिसतो का, की नुसती फोटोंमधल्या पट्टीसारखी कोरी नारिंगी आहे? कोरी असेल तर तिथे काहीच नोंदलेलं नाही, आणि जगातला कुठलाही स्कॅनर ते परत आणू शकत नाही. निगेटिव्हला सावलीच्या हिशेबाने प्रकाश द्यावा, हा जुन्या लोकांचा नियम इथे डोळ्यांना दिसतो. अल्ट्रामॅक्सचा एक स्टॉप जास्तीचा फोटो आणि पोर्ट्राचा एक स्टॉप कमीचा फोटो शेजारी धरा. स्वस्त फिल्मवर सावली भरलेली आणि महागड्या फिल्मवर ती कोरी दिसेल. नवख्या माणसाला मी आधी हीच दोन चौकटी दाखवतो.

पायरी पाचवी: आता फरक बघा

आता स्कॅन उघडा. साधारण काय दिसतं, ते सांगतो.

बरोबर प्रकाशाचे दोन्ही फोटो मोबाइलवर पाहिले तर घरातलं कुणीही कुठली फिल्म कोणती हे सांगू शकणार नाही. कॉन्ट्रास्टचा थोडा फरक जाणवेल इतकंच. दोन स्टॉप कमी प्रकाशाचे फोटो दोन्हीकडे वाईट येतात. पोर्ट्रा जरा तग धरते, अल्ट्रामॅक्सच्या सावल्या हिरवट-तपकिरी चिखलासारख्या होतात आणि दाणा उसळून येतो. जास्तीच्या बाजूला चित्र पालटतं. एक स्टॉप जास्त दिला की दोन्ही फिल्म सुधारतात, सावल्या स्वच्छ होतात, दाणासुद्धा कमी भासतो. दोन-तीन स्टॉपला मात्र पोर्ट्रा त्वचेचा रंग आणि पांढऱ्या शर्टाच्या चुण्या धरून ठेवते, तर अल्ट्रामॅक्समध्ये शर्ट सपाट होऊ लागतो आणि चेहऱ्यावर पिवळसर-तांबडी झाक चढते. पिवळ्या दिव्याच्या फोटोंतही पोर्ट्रा सुधारायला सोपी जाते.

यातली शक्य तितकी चांगली दोन चित्रं निवडून ८ बाय १२ इंची प्रिंट काढा. मोबाइलवर न दिसलेला दाणा इथे दिसतो, गालावरच्या उजेड-सावलीचा उतार इथे कळतो. प्रिंट बघूनही तुम्हाला पोर्ट्राचे जादा पैसे पटले नाहीत, तर ते खर्चू नका. त्यात कमीपणा काही नाही.

इथे सावळ्या त्वचेबद्दल थोडं विषयांतर. अनेक वर्षं लॅबची मशीन एका गोऱ्या बाईच्या फोटोवर जुळवली जात. त्या कार्डांना शर्ली कार्ड म्हणायचे. गडद त्वचेचे बारकावे त्या काळच्या फिल्मवर नीट येत नसत. ते सुधारायला जोर लागला तो म्हणे चॉकलेट आणि लाकडी फर्निचरच्या जाहिरातदारांच्या तक्रारींनी, असं कोडॅकमधल्या जुन्या मंडळींनीच पुढे सांगितलंय. १९८० च्या दशकात आलेल्या गोल्ड मालिकेत तपकिरी रंगांची बाजू सुधारली होती. आजच्या दोन्ही फिल्म सावळा रंग उत्तम दाखवतात, पण एका अटीवर: प्रकाश कमी पडता कामा नये. कॅमेऱ्याचा मीटर मागच्या पांढऱ्या भिंतीला भुलतो आणि चेहरा काळवंडतो. मीटर चेहऱ्याजवळ नेऊन धरा, किंवा सरळ ४०० ची फिल्म २०० समजून वापरा. माझ्या कॅमेऱ्याची तबकडी पोर्ट्राला कायम २०० वर असते, अल्ट्रामॅक्सला ३२० किंवा २०० वर. ज्या छोट्या कॅमेऱ्यांत फिल्मच्या डबीवरची चंदेरी-काळी चौकटी वाचून आयएसओ आपोआप लागतो, तिथे हे हाताने करता येत नाही. तिथे फिल्मच बदलावी.

मग कुठली फिल्म कशासाठी?

पहिल्या पाच रोलांना कलरप्लस २०० किंवा गोल्ड २००, जी स्वस्त मिळेल ती. गोल्ड दोन स्टॉप कमीपासून तीन स्टॉप जास्तपर्यंत सांभाळून घेते असं कोडॅक सांगते. कमीच्या बाजूवर मी भरवसा ठेवत नाही, जास्तीची बाजू खरी आहे. २०२२ पासून गोल्ड १२० या रुंद मापातही मिळते, त्यामुळे जुन्या याशिकासारख्या मोठ्या कॅमेऱ्यांना महागडी प्रोफेशनल फिल्मच लागते असं राहिलेलं नाही. शिवाय एवढ्या मोठ्या निगेटिव्हवर दाण्याचा प्रश्नच फारसा उरत नाही.

संध्याकाळ, घरातला उजेड, ढगाळ जुलै यासाठी अल्ट्रामॅक्स. लग्न, बारसं, पैसे घेऊन केलेलं कोणतंही काम, किंवा पुन्हा मिळणार नाही असा प्रसंग, तिथे पोर्ट्रा ४००. अंधार जास्त असेल तर ती ८०० वर काढून पुश करून घ्या, छान येते. पोर्ट्रा १६० स्टुडिओच्या दिव्यांसाठी, पोर्ट्रा ८०० खिशात पैसे खुळखुळत असतील तेव्हासाठी.

२००८ साली आलेली एक्टार १०० प्रोफेशनल आहे खरी, पण पोर्ट्राची बहीण समजून ती घेऊ नका. दाणा अतिशय बारीक, रंग भडक. सह्याद्रीतली पावसाळ्यानंतरची हिरवळ, कोकणातली लाल माती, यांना ती सुरेख. माणसांच्या चेहऱ्यांवर मात्र तांबूसपणा चढवते, सावल्या निळ्या करते आणि प्रकाशाच्या चुका पोर्ट्राइतक्या पोटात घालत नाही. यावरून कळेल की प्रोफेशनल फिल्म नेहमीच जास्त माफ करणारी असते असं नाही.

आपल्याकडच्या हवेसाठी सगळ्यात समजूतदार फिल्म म्हणजे प्रो इमेज १००. उष्ण, दमट देशांतल्या फोटोग्राफरांसाठी ती बनवली गेली. डबीवर प्रोफेशनल लिहिलेलं असलं तरी फ्रीजशिवाय ठेवायला चालते आणि किंमत पोर्ट्रापेक्षा कमी. डबीवरचा शब्द किती लवचीक आहे, ते हिच्याकडे बघून समजतं. फुजीची प्रो ४०० एच मात्र विसरा. जानेवारी २०२१ मध्ये तिचं उत्पादन बंद झाल्याचं जाहीर झालं. आज जी दिसते ती जुना साठा, आणि तिच्या नावावर मागितल्या जाणाऱ्या किमतीला काही अर्थ नाही. मुदत संपलेली फिल्म घ्यायचीच असेल तर दर दहा वर्षांमागे एक स्टॉप जास्त प्रकाश द्यावा असा ढोबळ हिशेब आहे, पण ती कशी ठेवली होती हे माहीत नसेल तर तो हिशेबही उपयोगाचा नाही.

शेवटची सूचना सिनेमाच्या फिल्मबद्दल. कोडॅकची व्हिजन३ ही सिनेमाची निगेटिव्ह मोठ्या रोलमधून कापून, डब्यांत भरून स्वस्तात विकली जाते. फिल्म उत्तम आहे, पण तिच्या पाठीवर अनेकदा रेमजेट नावाचा काळा थर असतो. तो सी-४१ च्या मशिनमध्ये सुटला तर रसायन खराब होतं, दुसऱ्यांचे रोलही बिघडतात. विकणाऱ्याला रेमजेट आहे का हे विचारा आणि लॅबला रोल देण्याआधी तसं सांगा. सिनेस्टिलच्या फिल्ममधला तो थर आधीच काढलेला असतो, म्हणून दिव्यांभोवती लाल वलयं दिसतात.

प्रवासाला जाताना रोल चेक-इन सामानात कधीही टाकू नका. हातातल्या बॅगेत, पारदर्शक पिशवीत ठेवा आणि विमानतळावर हाताने तपासायची विनंती करा. नवे सीटी स्कॅनर कमी आयएसओच्या फिल्मवरही धुकं चढवतात, आणि त्यांना डबीवरचा प्रोफेशनल शब्द वाचता येत नाही.

चाचणीच्या निगेटिव्ह सहा-सहा फोटोंच्या पट्ट्या कापून प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये घाला. कागदात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळू नका, पावसाळ्यात चिकटतात आणि बुरशी धरते. फाइलमध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, जूनमध्ये बदला. स्लीव्हवर फिल्मचं नाव, तारीख, लॅब आणि वहीच्या पानाचा क्रमांक लिहा. पुढच्या वेळी गोल्ड आणि प्रो इमेज अशी जोडी लावाल, तेव्हा ती तीन दृश्यं पुन्हा त्याच ओट्यावर, त्याच वेळेला काढायची आहेत.